डावं बटण

पहिल्या वीस पानांत प्रेत पडलं नाही तर मी पुस्तक मिटते. यावर मला कुणी शहाणपण शिकवू नये. नायिकेच्या मनात काय काय दाटून आलं ते शंभर पानं वाचायला मी रिकामी नाही. मनात माझ्याही बरंच दाटून येतं, ते कोण छापतं? मला खून हवा, आतून बंद खोली हवी, आणि शेवटी सगळ्या संशयितांना एका दिवाणखान्यात बसवून सावकाश बोलणारा माणूस हवा. तो शेवटचा दिवाणखाना म्हणजे माझा जीव की प्राण.

आमचा धंदा पुस्तकबांधणीचा, म्हणून ही चैन मला फुकटात होते. वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवायला येतात आणि त्यांतली निम्मी रहस्यकथाच असतात, कारण लोक तीच वाचतात. वजनदार ग्रंथ वर्षानुवर्षं कपाटात कोरे करकरीत. आता पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, सगळ्यांत आधी सुटून हरवतो. त्यामुळे मी ढीगभर पुस्तकं शेवटाशिवाय वाचली आहेत आणि खुनी माझा मीच ठरवला आहे. बरोबर ठरवला की नाही, हे सांगायला कोण येणार? माझ्या मते मी कधी चुकले नाही.

कारखाना काकांचा. आईवडील गेल्यावर त्यांनीच मला आणि धाकट्या भावाला वाढवलं, आणि टोचा, दोरा, खळ सगळं हातात दिलं. माणूस तसा कडक. कुठलंही बांधलेलं पुस्तक उघडून नाकाशी नेणार आणि म्हणणार, "खळ कच्ची आहे." पण दुपारी भिंतीवरच्या फळीवर टीव्ही लावायची परवानगीही त्यांचीच. गुन्ह्याची मालिका लागायची. टीव्हीवाल्यांवर माझा कायमचा राग आहे. कॅमेरा एखाद्या सुरीवर जरा जास्त रेंगाळतो, वर धाडकन संगीत, मग तीच सुरी पुन्हा तीन बाजूंनी. प्रेक्षक काय दूधखुळे आहेत? चांगल्या पुस्तकात जी वस्तू डोळ्यांसमोर नाचवतात ती हमखास फसवी असते. ज्याच्यावर पहिला संशय जातो तो निर्दोष. हे मी धाकट्याला इतक्यांदा ऐकवलंय की माझं तोंड उघडलं की तो कानात कापूस घालायचं नाटक करतो.

धाकटा वाचत नाही. तो पैजा लावतो. कशावरही लावतो: मालिकेत आता कोण मरणार, माल न्यायला येणारा व्हॅनवाला आधी शिंकणार की आधी शिवी देणार, पाव्हण्यांच्या पोराला कोणता दात येणार. पैसे नाहीत, तेवढी अक्कल आहे; हरणाऱ्यानं खळीची भांडी घासायची. जुगाराबद्दल माझं मत विचाराल तर ज्याला पुस्तक वाचता येत नाही तो नशीब वाचत बसतो. मी आयुष्यात एक पैज लावली नाही, हे मी अभिमानानं सांगत असे.

आता त्या मशीनचं सांगते. कारखान्याच्या मधोमध आमचं कापायचं मशीन आहे. पुस्तकांचा गठ्ठा आत सरकवायचा, आणि वरून हातभर लांब पातं खाली येऊन कडा एकसारख्या कापतं. पुठ्ठाही ते लोण्यासारखा कापतं, मग बाकीचं काय सांगू. म्हणून त्याला दोन बटणं आहेत, एक उजव्या टोकाला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच पातं उतरतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात पात्यापासून लांब.

मालिका संपली त्या मंगळवारची गोष्ट. खुनी आचारी निघाला, मी माळी म्हणत होते. लेखकाला अक्कल नव्हती, दुसरं काय. त्या रागात मी झाडू घेऊन सगळा कारखाना झाडायला काढला, आणि मशीनखाली वाकले तेव्हा दिसलं. डाव्या बटणाच्या कडेला पुठ्ठ्याची पाचर मारलेली होती. नीट कापलेली, दोन थर चिकटवलेली, बटण आत दाबून धरेल अशी. म्हणजे आता नुसतं उजवं बटण दाबलं की पातं खाली. दुसरा हात कुठेही असो.

सकाळी मीच पात्यापुढची संरक्षक जाळी लावलेली नसताना आत हात घालून गठ्ठा सरळ केला होता.

कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? पाचर उपटून फेकली असती आणि बोंब ठोकली असती. मी पाचर होती तिथेच ठेवली. पुरावा जागचा हलवायचा नसतो. हलवला की गुन्हेगार सावध होतो. मी पुस्तकं उगीच वाचली नव्हती.

सरळ सरळ संशय धाकट्यावर जात होता. व्हॅनवाल्याशी त्याची पैज चालायची की टीव्हीवरच्या जाहिराती संपायच्या आत सबंध गठ्ठा कापून दाखवतो. एक हात मोकळा असेल तर काम पटापट होतं. इतकं उघड होतं की मी त्याला त्याच क्षणी यादीतून काढून टाकलं. काका तर यादीत नव्हतेच. असल्या गोष्टीत म्हातारा मालक फार तर बळी असतो. राहिला व्हॅनवाला. तो पैजा हरून हरून आमची भांडी घासत होता. त्यात त्याचा मेहुणा महिनोन्‌महिने घरी बसलेला, आणि मेहुणा कुठलं काम जाणत होता? कापायचं. धाकट्याची बोटं गेली की जागा रिकामी. हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या आनंदाची नंतर भीती वाटली.

"तुमचा मेहुणा काय म्हणतो?" मी त्याला सहज विचारलं.

"काय म्हणणार! गादीवर लोळतोय," व्हॅनवाला म्हणाला. "इथे काही असलं तर सांगा की ताई."

मी मान डोलावली आणि मनात खूण केली.

त्यानंतरचे दिवस मी शिवणीच्या बाकावर बसून मशीनकडे बघत काढले. काका उजवीकडे उभे. धाकटा गठ्ठा आत सरकवतोय, पात्याखाली दोन्ही पंजे पसरून कागद ठोकतोय. काकांचा उजवा हात बटणाच्या अगदी जवळ टेकलेला. काका टीव्हीकडे बघतायत. एखादी शिंक, एखादी हाक, कोपर जरा घसरलं की संपलं. माझ्या हातातली सुई बोटात घुसायची तरी मला कळायचं नाही.

"धाकट्या, चहा घे!" मी ओरडायची.

"आत्ता तर घेतला."

"पुन्हा घे म्हणते ना!"

तो हात बाहेर काढायचा आणि माझा श्वास सुटायचा. चहा पिऊन पिऊन त्याचं पोट बिघडलं. आणि एक नवीनच त्याचं सुरू झालं होतं: काका मशीनकडे निघाले की हा आडवा. "काका, पैज! तुमच्यापेक्षा आधी मी कापतो. तुम्ही नुसतं बसून बघा." काका शिव्या घालत बसायचे. मला वाटलं, पोरगं पैजेपायी वाया चाललंय.

काकांचंही दिसत होतं मला, दिसत नव्हतं असं नाही. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. चहाचा कप उजव्या हातात, आणि डावा सदा खिशात. दोरा ओवायला माझ्याकडे द्यायचे, "डोळे गेले माझे" म्हणून. एकदा पुस्तक नाकाशी नेताना खाली पडलं आणि त्यांनी ते उचललंच नाही, पायानं बाकाखाली सारलं. काका, आणि पुस्तकाला पाय! मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हातारपण. रहस्यकथेत म्हातारपणाला काही किंमत नसते.

गुन्हेगाराचं नाव सांगायचं होतं ते शनिवारी. शनिवारी दुपारी व्हॅनवाला माल न्यायला येतो, तेव्हा चौघंही एका खोलीत असतात. दिवाणखाना नव्हता, पण कारखाना चालण्यासारखा होता. मी चार स्टुलं मांडली. टीव्ही बंद केला. मशीनचा स्विच तेवढा माझ्या पाठीशी भिंतीवर होता, तो बंद करून ठेवला. तेवढी मी शुद्धीवर होते.

"हे काय, लग्न जमवतेस का कुणाचं?" काका म्हणाले.

"बसा सगळे," मी म्हणाले. "या खोलीतल्या कुणीतरी एक गोष्ट केली आहे. ती करताना कुणाचा तरी पंजा जाणार हे त्याला ठाऊक होतं."

व्हॅनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, सापडला. धाकटा मात्र ताडकन उठला. "ताई, गप्प बस."

"बोलू दे मला."

"ताई, हात जोडतो. आत चल, आत सांगतो तुला."

"दिवाणखान्यात सगळ्यांसमोरच सांगायचं असतं," मी म्हणाले. खरंच म्हणाले हो असं, माझ्याच तोंडानं. "काका, जरा मशीनपाशी उभे राहा. वीज बंद आहे. दोन्ही हात दोन्ही बटणांवर ठेवा. पाचर नसताना हे कसं चालतं, ते आधी यांना बघू दे."

काका उठले. मशीनपाशी गेले. उजवा हात उजव्या बटणावर ठेवला. डावा खिशातून बाहेर काढायलाच त्यांना वेळ लागला. मग तो हात निघाला आणि बटणापर्यंत पोचलाच नाही. अर्ध्यात लोंबकळला, बोटं आत वळलेली. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कामचुकार नोकराकडे बघावं. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला.

"पाचर मीच मारली, पोरी," ते म्हणाले. "हात गेला म्हटलं तर कारखाना बंद करायला लावाल तुम्ही दोघं."

ते हसले. पण तोंडाची एकच बाजू हसली. दुसरी जिथल्या तिथे राहिली, आणि मग ते स्टुलावर बसायला गेले ते स्टूल नसलेल्या जागी.

व्हॅनवाल्यानंच त्यांना उचललं. लहान मुलासारखं छातीशी धरून व्हॅनमध्ये मागे पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर झोपवलं, आणि वाटेतला एकही सिग्नल त्यानं मानला नाही.

दवाखान्याच्या त्या लांबलचक खोलीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाताचं हे केव्हापासून आहे?"

"आज," काका म्हणाले. जीभ जड झाली होती.

"काही दिवस झाले," धाकटा म्हणाला. "खांदा आखडलाय म्हणायचे मला. ताईला सांगू नकोस म्हणाले. पाचर दिसली तेव्हा मी गठ्ठे आपल्याकडे घेतले. दुसरं काय करणार होतो?"

"काढायची ना मग पाचर!" मी त्याच्यावर खेकसले.

"काढली असती तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "तू का नाही काढलीस?"

मी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "मालिका संपली त्या मंगळवारपासून," मी म्हणाले. "किंवा त्याच्याही आधी एखादा दिवस."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"लक्ष ठेवून होते."

त्यांनी कागदावरून मान वर करून मला नीट पाहून घेतलं. "हाताचं ते म्हणजे या झटक्याची आधीची सूचना होती," त्या म्हणाल्या. "तेव्हाच आणलं असतं तर..." आणि पुढचं न बोलता त्या पलीकडच्या खाटेकडे गेल्या. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. धाकटा भिंतीकडे तोंड करून रडत होता, आणि व्हॅनवाला त्याच्या पाठीवर हात फिरवत होता.

काकांनी उजव्या हातानं माझी बाही ओढली. मी वाकले.

"नाव... सांगितलं नाहीस," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "कोण वाटला तुला?"

खोटं बोलायचं होतं मला. पण काकांपुढे मला कधी जमलं नाही.

"व्हॅनवाला," मी त्यांच्या कानात म्हणाले.

काका अर्ध्या तोंडानं हसले.

"चूक," ते म्हणाले. त्यांचा डावा हात नर्सनं चादरीवर जसा ठेवला होता तसाच पडून होता.