रोजचा अर्धा तास

तारवाले सकाळी नवाच्या सुमारास माझ्या गॅरेजवर गाडी घेऊन आले, ती गोगलगायीच्या चालीनं. मोठी पांढरी मोटारहोम, आत पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. तारवाल्यांचा जन्म टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेला, म्हणून त्यांना ते नाव पडलं. मागच्या पलंगावर वहिनी आडव्या होत्या. चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्यांचा कणा गेला. तेव्हापासून त्यांना पाच मिनिटंही बसवत नाही. गाडी घेतली ती त्यांच्यासाठीच. पलंगाखालच्या स्प्रिंगा मीच बसवल्या होत्या.

"मिस्त्री, तिसाच्या वर जायला तयार नाही," तारवाले म्हणाले. "आणि हा पिवळा दिवा बघा."

वहिनींची थोरली बहीण सहाशे किलोमीटरवर इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. उद्याचा दिवस निघाला तर निघाला, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. रुग्णवाहिकावाले म्हणाले, पेशंटला इस्पितळात सोडू, भेटीगाठीला नेणार नाही. टेम्पोत गादी टाकून वहिनींना एकदा नेलं होतं, तर दोन दिवस शुद्ध नव्हती. राहिली ही घरगाडी.

"मिस्त्रीभाऊ, दुपारी निघालो तरी उजाडायच्या आत पोचू ना?" वहिनींनी आतून विचारलं.

"बघू, वहिनी."

"बघू म्हणणारा मिस्त्री आणि काळजी करू नका म्हणणारा डॉक्टर, मला दोघांचीही धास्ती वाटते."

मी हसलो, पण दिवा पाहूनच दुखणं ओळखलं होतं. डिझेलच्या धुरातली काजळी बाहेर पडू नये म्हणून सायलेन्सरच्या आधी एक फिल्टर असतो. गाडी मोठ्या रस्त्यावर जोरात पळाली की धूर तापतो आणि अडकलेली काजळी जळून जाते. गाडी पळालीच नाही, तर ती साठत राहते.

स्कॅनर लावला. फिल्टर भरत आलाय, असं त्यानं सांगितलं. पण यंत्रावर लगेच विश्वास ठेवू नये. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायला दोन बारीक रबरी नळ्या असतात, त्या आधी पाहाव्यात. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून चाचपल्या. एक चिरली होती.

"सापडलं!" मी ओरडलो.

"दोन वितीची नळी आणि केवढा तमाशा!" तारवाले म्हणाले. "ऐकलंस का गं? पिशवी भर."

नवी नळी लावून पुन्हा आकडा पाहिला, तर तो आधीपेक्षा वाढलेला. नळी फुटकी होती म्हणून दुखणं कमी दिसत होतं, इतकंच. गाडी उभी ठेवूनच काजळी जाळायचा हुकूम स्कॅनरवरून दिला, पण गाडीनं तो मानला नाही. इतकी काजळी एकदम पेटली तर आग लागते, हे तिलाही कळत होतं.

"तिसानंच गेलो तर?" तारवाल्यांनी विचारलं. "वीस तास लागतील. लागू देत."

"पन्नास किलोमीटरही जाणार नाही. धूर आतल्या आत कोंडून इंजिन बंद पडेल, नाहीतर खालून पेटेल. आणि पलंग बरोबर त्याच्या वर आहे."

आता फिल्टर उतरवूनच बघायला हवा होता. मी बोल्टांना गंज सोडवायचं तेल मारलं. वाट बघता बघता विचारलं, "शेवटची लांब कधी नेली होती?"

"लांब कुठली? हिचं दुखणं वाढलं, दोन वर्षं दारातच उभी आहे."

"मग एवढी काजळी आली कुठून?"

"ते तुम्ही जाणे. मी तर रोज सकाळी अर्धा तास इंजिन चालू ठेवतो. एक दिवस चुकवला नाही. तुमचाच मंत्र ना तो? उभं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन."

माझा हात पान्ह्यावर तसाच राहिला. मंत्र माझाच होता. जुन्या गाड्यांवर मी तो शिकलो आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना वाटत आलो. त्या गाड्यांना हा फिल्टर नव्हता. गाडीच्या कप्प्यातून माहितीपुस्तक काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं: गाडी एका जागी उभी ठेवून इंजिन फार वेळ चालवू नये. पुस्तक चार वर्षं तिथंच होतं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं; अक्षरं गेल्या वर्षी शिकलो. येत असतं तरी मी ते उघडलं असतं, असं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तारवाले बराच वेळ हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

वहिनी आतून म्हणाल्या, "हे रोज सकाळी मला इथं आणून निजवायचे. इंजिन सुरू झालं की पलंग थरथरायचा. मी डोळे मिटायचे आणि ताईकडे जाऊन यायचे. रोज. सगळी वळणं पाठ झाली आहेत."

फिल्टर उतरवायला दुपार झाली. सहापैकी दोन बोल्ट तुटले. बॅटरी मारून पाहिलं. पुढची बाजू काळीठिक्कर, आणि मागं आतली जाळी वितळून भेगाळलेली. म्हणजे धुवायची सोयही उरली नाही. चार दुकानांना फोन केले. नवा चौथ्या दिवशी.

"मिस्त्री, फिल्टरच्या जागी नुसता पाइप जोडून द्या," तारवाले हलक्या आवाजात म्हणाले. "पुढचं मी बघतो."

"इंजिन जोरच धरणार नाही. फिल्टर नाही हे तिच्या कॉम्प्युटरला कळलं की ही गाडी आणखी रांगायला लागते."

चारच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. ते दोन शब्द बोलले आणि पायरी चढून आत गेले. पडदा ओढल्याचा आवाज आला. मी तुटलेला बोल्ट काढत होतो. थांबावं की काढत राहावं ते कळेना, म्हणून काढत राहिलो.

बऱ्याच वेळानं वहिनींचा आवाज आला. "मिस्त्रीभाऊ, आता सावकाश करा. घाई नाही."

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी वहिनींना खाटेवरून उचलून घरी पोचवलं. चौथ्या दिवशी फिल्टर आला. बसवला. मोठ्या रस्त्यावर तासभर पळवून आणली. दिवा विझला होता, गाडी पाण्यासारखी पळत होती. त्यांच्या दारात उभी केली आणि किल्ली तारवाल्यांच्या हातात दिली.

"आता रोज चालू करायची नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

त्यांनी किल्ली खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली आणि वहिनींच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"मग हिला रोज सकाळी काय सांगू?"