एक वीत खाली

मी अस्वल बोलतोय. दचकू नका, लाकडाचा आहे. चावत नाही, नाचत नाही, आणि हल्ली तर कुणाच्या वाटेतसुद्धा येत नाही. पाळणे, घसरगुंड्या, पोहायचे तलाव आणि मुक्कामाला खोल्या अशी सगळी मौज एकाच कुंपणात असलेल्या एका मोठ्या बागेत मी उभा आहे. म्हणजे बागेत नाही, बागेच्या धुलाईघरामागच्या कोठारात. डावीकडे मोडक्या खुर्च्यांची चळत, उजवीकडे वापरून विटलेल्या गाद्या. समोर कोण आहे ते शेवटी सांगतो.

माझं काम अगदी सोपं होतं. उजवा हात आडवा पसरून फाटकाशी उभं राहायचं. जे मूल या हाताखालून न वाकता जाईल, त्याला अर्धं तिकीट. ज्याचं डोकं हाताला लागेल, त्याला पूर्ण. बोलायचं नाही, भांडायचं नाही. बावीस वर्षं मी हात वर करून उभा होतो. शिक्षा झालेल्या पोराचा हातसुद्धा एवढा वेळ वर राहत नसेल.

मला सुतारकाकांनी घडवलं. बाग नवी नवी होती. थोरले मालक स्वतः धोतराचा सोगा सावरत प्रत्येक झाडाखाली जाऊन बघायचे. त्यांनी काकांना दोन अस्वलं करायला सांगितली. एक फाटकाशी, एक आकाशपाळण्याशी. हात किती उंचीवर ठेवायचा, असं काकांनी विचारलं तेव्हा मालक स्वतःच्या कमरेशी, मग छातीशी हात धरून बघू लागले. तो विचार कुणी केलाच नव्हता. तेवढ्यात काकांची सात वर्षांची लेक त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आली. काकांनी तिला माझ्या पोटाशी उभी केली, वेण्या नीट दाबल्या आणि डोक्यावरून पेन्सिलीची रेघ ओढली. मालकांनी तिला आकाशपाळण्यात बसवून पाहिलं. ती घाबरली नाही, दांडीखालून घसरलीही नाही. झालं, तेच माप ठरलं.

दोघांचे हात एकाच उंचीवर बसवायचे, हे मालकांनी बजावून सांगितलं. ते म्हणाले, "ज्याला मोठ्या पाळण्यात बसता येत नाही, त्याच्याकडून मोठ्या माणसाचे पैसे कोणत्या तोंडानं घ्यायचे?"

मला ते तेव्हापासून पाठ आहे. मी अर्धं म्हणालो, तर माझा जुळा भाऊ आत 'अजून नाही' म्हणायचा. मी पूर्ण म्हणालो, तर तो 'ये, बस' म्हणायचा. आमच्या दोघांत कधी मतभेद झाला नाही. सख्ख्या भावांत एवढं जमत नाही, पण आम्ही एकाच फळीतून निघालो होतो.

माझ्याजवळ तिकिटाच्या खिडकीत मापमावशी बसायची. तिचं खरं नाव कामावरच्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. ती बाहेर येऊन मुलाचे केस चापून बसवायची, टाचा जमिनीला लावून घ्यायची आणि मग माझ्या हाताकडे बघायची. नेमकी गंमत इथेच व्हायची. आईबाप मुलाला हळूच सांगत असत, "गुडघे थोडे वाकव रे." आणि मूल? ते चवड्यावर उभं राहायचं. त्याला मोठं व्हायचं असायचं. बापानं घरापासून शिकवून आणलेलं सगळं पाण्यात. मावशी हसू दाबत म्हणायची, "अहो, तोच मोठा व्हायचं म्हणतोय, मी काय करू?" तरी शंका आली की ती अर्धंच फाडायची. मालकांचं सांगणंच तसं होतं.

थोरले मालक गेले. मुलांनी बाग एका कंपनीला विकली. कंपनीचे साहेब आले, चांगले हसतमुख होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी कारंजं बंद केलं. मग मुक्कामाबरोबर मिळणारा नाश्ता गेला. मग खोलीतल्या टॉवेलांसाठी अनामत आली. गाडी उभी करायचे पैसे वेगळे, पेटीत सामान ठेवायचे वेगळे. पाण्याच्या बाटल्या फाटकावर काढून घेऊ लागले आणि आत तेच पाणी चौपट भावानं विकू लागले. रांगेत थांबायचं नसेल तर जादा पैशांची पट्टी मनगटाला बांधायची. ती बांधणारे इतके झाले की त्यांचीच वेगळी रांग लागली. दर वर्षी तिकीट वाढायचं आणि दर वर्षी एखाद्या पाळण्यावर ताडपत्री चढायची. पूर्वी संध्याकाळी बाहेर पडणारी माणसं कोण किती किंचाळलं ते सांगत हसत जायची. आता नवरा-बायको हलक्या आवाजात कशाला किती लागले त्याचा हिशेब जुळवत जात, आणि मूल मध्ये पेंगत असे. मला ते बघवत नसे. पण लाकडी डोळ्यांना पापण्या नसतात.

मग माझी पाळी आली. अर्ध्या तिकिटावर फार मुलं जातात, असं साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुतारकाकांना बोलावून माझा हात खाली घ्यायला सांगितलं. भावाचा नाही, फक्त माझा. पाळण्याचं माप बदलता येत नव्हतं, तिथे मूल पडलं असतं. फाटकावर कोण पडणार?

काकांनी बोल्ट काढले, दोन बोटं खाली नवं भोक पाडलं, जुन्यात लाकडाची गुल्ली ठोकली. "दोन बोटांनी काय होतं," असं ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. तीन वर्षांनी आणखी दोन बोटं. त्यानंतर दोन वर्षांनी एकदम चार. शेवटच्या वेळी छातीवर गुल्ल्यांची रांगच दिसायला लागली, म्हणून काकांनी मला लाल बंडी रंगवली. मुलांना ती फार आवडली. आत काय झाकलंय ते मला आणि काकांनाच माहीत होतं.

आता जवळजवळ वीतभराचं अंतर पडलं. या वीतभरात जी मुलं सापडली, त्यांची दैना मला सांगवत नाही. फाटकावर मी म्हणायचो, मोठा झालास, पूर्ण पैसे दे. आत भाऊ म्हणायचा, लहान आहेस, घरी जा. मुलं रडत परत यायची. बाप मावशीशी भांडायचे. ती बिचारी खिडकीत मान खाली घालून ऐकून घ्यायची, कारण तिच्या डोक्यावर आता कॅमेरा होता आणि शंकेचं अर्धं तिकीट फाडलं की तिचा पगार कापत असत.

काकांची लेक एव्हाना लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. तिला एक मुलगी झाली. लेक तिला गोष्ट सांगायची, की फाटकावरच्या अस्वलाचा हात बरोबर माझ्या लहानपणीच्या उंचीचा आहे, आजोबांनी माझ्यावरून केलाय. ज्या दिवशी तुझं डोकं त्याला लागेल, त्या दिवशी आपण दोघी आकाशपाळण्यात बसू. नात फोनवर आजोबांना विचारायची की अस्वल अजून आहे ना, हात तिथेच आहे ना. काका जेवणाच्या सुट्टीत माझ्या पायाशी बसून बोलायचे, म्हणून मी हे ऐकलं. ते म्हणायचे, "आहे गं, तुझीच वाट बघतोय." फोन ठेवला की बराच वेळ डबा उघडत नसत. कामगारांच्या घरच्यांना वर्षातून एकदा मिळणारा फुकट पास बंद झाला, तेव्हा सगळे चिडले, काका तेवढे गप्प राहिले. मला वाटतं, आता त्या दोघी येणार नाहीत म्हणून त्यांना हायसं वाटलं असावं.

पण त्या आल्या. आजोबांना चकित करायचं म्हणून न कळवता आल्या. एका रात्रीची खोली, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं लेकीनं स्वतःच्या कमाईतून जमवलं होतं. मावशीनं तिला लांबूनच ओळखलं. खिडकीतून उठून बाहेर आली, गालावरून हात फिरवला, आणि मग तिचं लक्ष लेकीच्या मागे उभ्या असलेल्या साडेपाच वर्षांच्या नातीकडे गेलं. मावशीचा चेहरा उतरला.

नात माझ्याकडे धावत आली. चवड्यावर उभी राहिली नाही. तिला खरं मोजून घ्यायचं होतं. टाचा टेकवल्या, मान ताठ केली, आणि तिचं डोकं टक्कन माझ्या हाताला लागलं.

ती वळून आईकडे बघतच राहिली. "आई, मी तुझ्याएवढी झाले."

लेकीचे डोळे भरून आले. म्हणाली, मी तर सात वर्षांची होते, ही बापावर गेली, ताडमाड होणार. मग माझ्याकडे बघून हसली. लहानपणी हे अस्वल केवढं थोरलं वाटायचं, आणि आता बघ, ठेंगणं दिसतंय, असं ती मावशीला म्हणाली. मावशीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"पूर्ण तिकीट द्या," लेक म्हणाली. "आता मोठी झाली ती."

एवढ्या अभिमानानं पूर्ण तिकीट मागणारं माणूस मी बावीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही. माझ्या आत कुठे पोकळ असेल तिथे ते शब्द अजून आहेत. मला फक्त अर्धाच शब्द बोलता आला असता, तर मी तो त्या दिवशी बोललो असतो.

तासाभरात दोघी परत आल्या. आधी आकाशपाळण्याची रांग, मग भावाचा हात, आणि त्या हाताखालून नात जराही न अडकता निघून गेली होती. ती रडत नव्हती. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे अस्वल खोटं बोललं."

लेकीनं माझ्या लाल बंडीवरून बोटं फिरवली. रंगाखाली बोटांना उंचवटे लागले. एक, दोन, तीन. सुताराची लेक ती, गुल्ली म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. मावशीनं एका माळ्याला बागेतल्या सुतारखान्याकडे पिटाळलं. काका आले. दोघींना बघून त्यांचा चेहरा आधी फुलला आणि लगेच त्यांची नजर लेकीच्या बोटांकडे गेली.

"बाबा, हा हात खाली कुणी आणला?"

काकांनी हात पंचाला पुसले. हातांना भुसा लागलेला नव्हता. "मी," म्हणाले.

"किती वेळा?"

"तीनदा."

नोकरी होती, साहेबांनी सांगितलं होतं, आपण नाही तर दुसऱ्यानं केलं असतं, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. खरंही होतं. नातीनं विचारलं, मग आई केवढी होती? काकांनी पहिल्या भोकाच्या जागी माझ्या छातीवर तळवा आडवा धरला. नात त्याखाली जाऊन उभी राहिली. डोक्यावर वीतभर मोकळी जागा होती. तिनं वर हात करून ती चाचपून पाहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "मग फोनवर तुम्ही हो का म्हणत होता?"

काकांचा तळवा तसाच माझ्या छातीवर होता. लेकीनं मुलीचा हात धरला, खोलीतलं सामान आवरलं आणि दुपारच्याच गाडीनं दोघी गेल्या. खोलीचे पैसे परत मिळत नसतात, असा नियम होता.

पुढच्या हंगामाआधी साहेबांनी पुन्हा हात खाली घ्यायला सांगितलं. काका पेटी घेऊन आले, माझ्यासमोर बसले, पेटी उघडलीच नाही. साहेबांना म्हणाले, माझ्याकडून होणार नाही, दुसरा माणूस बघा. साहेब चिडले नाहीत. त्यांनी दुसरा माणूसही पाहिला नाही. त्यांना त्याहून सोपा उपाय सुचला. अर्धं तिकीटच बंद. लहानमोठ्या सगळ्यांना एकच भाव. मग मोजायचं कुणाला आणि कशाला? मला उपटून कोठारात टाकायचं काम काकांनाच मिळालं. ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं काम ठरलं.

हमाल मला इथे ठेवून निघून गेले, पण काका थांबले. दार लोटून घेतलं. पेटी उघडली. माझा हात सोडवला, पहिल्या भोकातली जुनी गुल्ली ठोकून बाहेर काढली आणि हात तिथे बसवला. खरवडलेल्या रंगाखाली पेन्सिलीची रेघ अजून होती. बोल्ट पुन्हा पुन्हा आवळत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. नंतर माझ्या खांद्याला टेकून ते रडले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी हात खाली आणला, पण त्या हातानं मुलांना फसवलं ते मीच.

मापमावशी दुपारी डबा खायला इथे येते. आता ती फाटकावर मनगटपट्ट्या बांधते. तिच्याकडून कळतं. काका लेकीकडे जाऊन राहिले. नातीनं त्यांच्याशी पुन्हा बोलायला बरेच महिने घेतले. आता ती आठ वर्षांची आहे, उंच झाली आहे, पण बागेत जाऊ या का असं कुणी विचारलं की नको म्हणते.

आणि गेल्या महिन्यात माझ्यासमोर माझ्या भावाला आणून ठेवलं. आकाशपाळणा बंद झाला. दुरुस्ती परवडत नाही म्हणे. तिकीट तेवढंच आहे. इतकी वर्षं एका बागेत उभे असून आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आता दिवसभर पाहतो. त्याचा हात आणि माझा हात पुन्हा एका रेषेत आहेत.

म्हणून एकच मागणं. त्या मुलीला कुणी ओळखत असाल तर तिला एकदा इकडे घेऊन या. धुलाईघराच्या मागून दार आहे, मावशी उघडेल, तिकीट लागत नाही. देण्यासारखं आमच्याकडे काही नाही, पाळणाही नाही. तिनं फक्त दोघांच्या मध्ये उभं राहावं. या वेळी आम्ही दोघं तिला एकच सांगू.