‘तुम्ही’भोवतीचे लाल गोल

मी लाल पेन बोलतोय, आणि वैतागूनच बोलतोय. कारखान्यात आम्ही सगळे सारखेच घडलो. निळ्यांच्या नशिबी लिहिणं आलं, माझ्या वाट्याला चुका काढणं आलं.

दुकानातून मला भाषेच्या बाईंनी उचललं. बाई मनाच्या चांगल्या, पण निबंधात ‘तुम्ही’ दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यात मुलांचीही कमाल! विषय ‘माझी सहल’, आणि लिहिणार काय? ‘तुम्ही बागेत जाता, तुम्हाला फुले दिसतात.’ बाई म्हणायच्या, सहलीला मी गेलेच नाही, मला कशी दिसतील? मग माझी पाळी. गोल काढा, बाजूला ‘मी’ लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. माझी निम्मी शाई यातच संपली.

एकदा विषय होता ‘माझी सकाळ’. खिडकीजवळच्या बाकावर बसणाऱ्या, फारशी न बोलणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘तुम्ही उठता तेव्हा बाबा बूट घालूनच झोपलेले असतात. तुम्ही बूट हळूच काढता, कारण ते जागे झाले तर काय होईल हे तुम्हाला माहीत असतं. आई मावशीकडे गेल्यापासून धाकट्या भावाची वेणीफणी, हो, त्याचे केस लांब आहेत, तुम्हीच करता.’

गठ्ठा मोठा होता. बाईंची नजर ‘तुम्ही’वरच धावत होती. मी गोल काढत गेलो. खाली शेरा मारला, ‘“मी” वापरून पुन्हा लिही.’

तिनं लिहून आणलं. ‘मी सकाळी लवकर उठते. आई मला दूध देते. माझी सकाळ आनंदी असते.’ एकही गोल काढायला जागा नाही. मी बाईंच्या बोटांत तसाच अडकून राहिलो. पान उलटून त्यांनी पहिला निबंध या वेळी नीट, मला ऐकू येईल असा वाचला, आणि तिला मधल्या सुट्टीत बोलावलं.

‘‘आई तर मावशीकडे आहे ना गं?’’

ती मान खाली घालून म्हणाली, ‘‘बाई, ‘तुम्ही’ लिहिलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. ‘मी’ लिहून ते नाही लिहिता येत.’’

बाईंनी तिला जवळ बसवलं. हवं तसं लिही, म्हणाल्या, मी खूण करणार नाही. पण तिनं पुन्हा लिहिलं नाही. बाईंनी मावशीचा पत्ता काढला, स्वतः जाऊन आल्या. आता दोघं भावंडं आईजवळ राहतात, शाळाही तिकडचीच. वाईटातून चांगलं झालं, असं सगळे म्हणतात.

मी मात्र धुमसतोय. बाई अजूनही गोल काढतात, आणि मुलं अजूनही मला न पाहिलेल्या बागांत फिरवतात. त्याची चीड येतेच. पण हल्ली बाई आधी शेवटपर्यंत वाचतात, तोवर मला टोपण घालून ठेवतात. तुमच्याही हाती माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला तेवढा वेळ टोपणातच राहू द्या. आम्हाला गोल काढता येतात हो, वाचता येत नाही.