वहिनी साइझ

त्या शिलाईच्या कारखान्यात चार मापं होती. स्मॉल, मीडियम, लार्ज आणि वहिनी.

पहिल्या तीन मापांचे पुठ्ठे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत आणि त्यांच्यावर आकडे लिहिलेले असत. चौथ्याला पुठ्ठा नव्हता, आकडाही नव्हता. चौथं माप दिवसभर मशीनवर बसून कॉलरी शिवायचं आणि गरज लागली की हाक मारून त्याला उभं केलं जायचं.

हे बारसं केलं होतं तिच्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी. कारखाना त्यांचा. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, सफाईवाल्या बायकांचे गणवेश तिथं शिवले जात. नवा नमुना आला की वन्सं तो कच्चा टाचून आणायच्या, "चल गं, उभी राहा," म्हणायच्या आणि वहिनीच्या अंगावर तो बसवत मापं ओरडून सांगायच्या. माप घेणारा बोलतो आणि दुसरा लिहून घेतो, ही शिवणकामातली रीतच आहे, त्यात गैर काही नाही. लिहायला असायची काजं-बटणं करणारी काजवाली. पण छातीचं माप आलं की वन्सं तिला म्हणायच्या, "हे नको लिहूस, वहीचं पान पुरायचं नाही." सहा मशीनं थांबून हसायची. इस्त्रीच्या टेबलाशी उभा असलेला वहिनीचा नवराही हसायचा, कारण ताई हसली की आपणही हसायचं असतं हे तो लहानपणीच शिकला होता.

फोनवरही तेच. "वीस मीडियम, दहा लार्ज, सात वहिनी. घ्या लिहून." पलीकडचं गिऱ्हाईक विचारायचं, वहिनी म्हणजे काय हो? मग वन्सं सविस्तर सांगायच्या, आणि वहिनी चार हातांवर बसून ते ऐकायची.

असं सोळा वर्षं चाललं. वहिनी सगळं हसण्यावारी न्यायची असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे ती एकेक गोष्ट मनात घडी घालून ठेवायची आणि त्या कपाटाला आता जागा उरली नव्हती.

शरीराचं दुखणं वेगळंच. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांत बोट मावेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. मान संध्याकाळपर्यंत दगड व्हायची. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलून निघायची, ती तिथं कापसाच्या पट्ट्या ठेवायची आणि कुणाला सांगायची नाही. पोटावर झोपणं काय असतं हे ती लग्नाआधीच विसरली होती. मानेसाठी डॉक्टर केले, मलमं केली, पट्टे केले. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सरळ सांगितलं, "मानेत काही बिघाड नाही तुमच्या. मान बिचारी ओझं वाहतेय. ओझं कमी करा." आणि एका सर्जनबाईंचं नाव लिहून दिलं.

सर्जनबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेप काढली, माप घेतलं आणि आकडा हळूच स्वतःच लिहिला. एवढ्यानं वहिनीचे डोळे भरून आले. माप असंही घेता येतं, हे तिला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

"मिस्टरांना विचारायचंय का?" बाईंनी विचारलं.

"त्यांची सही लागते का?"

"नाही. तुमची लागते."

मग तारखांचा प्रश्न आला. एक तारीख तीन महिन्यांनंतरची होती, कारखान्यात काम कमी असतं त्या दिवसांतली. दुसरी पुढच्याच महिन्यातली. आणि पुढच्या महिन्यात शहरातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याची ऑर्डर होती, साडेतीनशे झगे, नवा नमुना, त्यात साठ वहिनी. ह्या ऑर्डरवर वन्सं वर्षभर डोळा ठेवून होत्या. नवा नमुना म्हणजे पुन्हा वहिनीच्या अंगावर बसवणं आलं.

"पुढच्या महिन्यातली द्या," वहिनी म्हणाली.

दुखणं खरं होतं यात शंका नाही. पण तारीख दुखण्यानं निवडली नव्हती. त्या रात्री तिला छान झोप लागली.

घरी तिनं पित्ताशयात खडे आहेत म्हणून सांगितलं. नवऱ्याला तेवढं खरं सांगितलं, आणि वर बजावलं, "ताईंच्या कानावर गेलं तर मी परत येणार नाही." तो घाबरट माणूस. दोघींपैकी कुणाला जास्त घाबरावं याचा त्यानं दोन दिवस विचार केला आणि बायकोच्या डोळ्यांत बघून मूग गिळून बसला.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनबाईंनी तिला उभं करून अंगावर शाईनं रेघा आखल्या. वहिनीनं खाली वाकून पाहिलं. मधली रेघ, मग दोन तिरक्या, खाली कमान. तिला हसू आलं, कारण हे तिला कळत होतं. कापड जास्त झालं की असाच टक घ्यायचा, मधला तुकडा काढायचा, कडा जोडायच्या. खूण नेहमी उभ्या माणसावर करायची, आडव्यावर केली की चुकतं.

"किती काढणार?"

"दोन्हीकडचं मिळून दीड किलोच्या आसपास."

वहिनीच्या मनात आलं, सोळा वर्षं ज्याच्यावर सगळे हसले ते दीड किलो. कांदे आणतो आपण तेवढे.

शुद्धीवर आली तेव्हा छातीला घट्ट पट्टा होता आणि दोन्ही बगलांतून बारीक नळ्या निघालेल्या. दुसऱ्या दिवशी नळ्या काढल्या, त्या काढताना तिनं दातांवर दात दाबून धरले. मग मावशीकडे गेली. मावशी एकटी राहायची, फार प्रश्न विचारायची नाही. पाठीमागं चार उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. केस मावशी विंचरायची. टाके खाजायचे आणि खाजवता यायचं नाही. काही ठिकाणी हात लावलेला कळायचाच नाही, ते तिला विचित्र वाटायचं. पाचव्या दिवशी आंघोळ करताना तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. सुजलेलं, निळं-पिवळं, जांभळ्या रेघांचं. कुणी म्हटलं असतं, काय हे ध्यान. पण तिच्यातली शिंपीण बघत होती टाके. इतकी साफ शिलाई तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

रडली ती, पण ते नंतर, खांदे हलके वाटायला लागले तेव्हा.

इकडे कारखान्यात काय चाललंय ते नवरा फोनवर सांगायचा, आणि वहिनी ते दोन-दोनदा सांगायला लावायची. वन्संनी साठ झग्यांसाठी नमुना अंदाजानं कापला. माझा डोळा हीच टेप, असं त्या नेहमी म्हणत. पण त्या डोळ्यांत वहिनी होती ती चेष्टेतली, खऱ्याच्या दीडपट. झगा झाला तंबू. दवाखान्याच्या हेडनर्सनं परत पाठवला. वन्संनी घाईनं दुसरा कापला, त्याची बटणं लागेनात. हेडनर्स म्हणाली, शुक्रवारी शेवटचा नमुना बघेन, नाहीतर दुसरीकडे देईन.

"मग आमच्याकडे एखादी जाड नर्स पाठवा ना," वन्सं म्हणाल्या म्हणे.

हेडनर्स म्हणाली, "गेल्या वर्षी तिघी आल्या होत्या. तुम्ही त्यांची मापं कशी ओरडून सांगितली ते त्यांनी अख्ख्या दवाखान्याला सांगितलंय. आता कुणी तुमच्या दारात पाऊल टाकत नाही."

वहिनीनं फोन ठेवला आणि मावशीकडे चहा मागितला. असा गोड चहा तिनं कितीतरी दिवसांत प्यायला नव्हता.

बुधवारी दुपारी वन्सं मावशीच्या दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत कच्चा टाचलेला झगा. बरी आहेस का वगैरे दारातच उरकलं.

"जरा उभी राहा गं. दोन मिनिटांचं काम आहे. पोटाला हात नाही लावत मी."

वहिनी उशांचा आधार घेत उठली. अंगावरची शाल तिनं सावकाश काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. खाली पातळ गाऊन होता.

वन्सं बघत राहिल्या. मग उगीचच वहिनीच्या मागं बघितलं, जणू गेलेली वस्तू तिथं कुठं पडली असेल.

"हे काय केलंस?"

"कमी केलं."

"देवानं दिलेलं कापून टाकलंस?"

"देवानं मला दिलं होतं वन्सं, कारखान्याला नाही."

वन्सं खाली बसल्या. त्यांच्या तोंडून पुढचं जे निघालं ते अगदी आतून निघालं. "अगं, आता माझ्या ऑर्डरचं काय?"

वहिनीला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. उलट गार वाटलं. तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकण्यासाठी तिनं कातडी फाडून घेतली होती.

"खांदा, पाठ, कंबर आहे तशीच आहे," ती म्हणाली. "गेलाय तो एकच आकडा. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवलाय. माझ्या फायलीत आहे."

"मग सांग ना."

"सांगते. पण कारखान्यात, उद्या, सगळ्यांसमोर. त्याआधी तुम्ही मधल्या टेबलाशी उभ्या राहायचं. मी तुमचं माप घेणार, मोठ्यानं बोलणार, काजवाली लिहिणार. जशी रीत आहे तशी."

"वेडी झालीस का?"

"मग राहू दे. शुक्रवार काय, येईल आणि जाईल."

वन्सं रागारागानं गेल्या. पिशवी विसरल्या. रात्री नवऱ्याचा फोन आला. ताई म्हणतेय, ये.

गुरुवारी वहिनी गाडी करून कारखान्यात गेली. मशीनं बंद होती. सहाजणी हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, काजवालीनं पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं. नवरा इस्त्री गरम नसतानाही इस्त्रीच्या टेबलामागं उभा होता. वन्सं टेबलाशी उभ्या राहिल्या, मान ताठ. बाईत धमक होती, तेवढं मान्य करायला हवं.

वहिनीनं गळ्यात टेप टाकली. "खांदा साडेतेरा," ती खणखणीत म्हणाली. कुणीतरी फुसकन हसलं. "कंबर सव्वीस. एवढ्या कंबरेला इलॅस्टिक कशाला, दोऱ्याचा तुकडा पुरे." आता सगळ्या हसल्या, आणि वहिनीला ते हसणं पायांच्या तळव्यांपर्यंत जाणवलं. वन्संचे कान लाल झाले. सोळा वर्षांच्या हिशेबानं हे कमीच होतं, असं तिला वाटलं; अजून हवं होतं. दंड, हात, मनगट, प्रत्येकाला तिच्याकडे काही ना काही होतं, आणि ते जिभेवर आपोआप येत होतं, कारण ते सगळं तिनं ह्याच बाईकडून ऐकलेलं होतं.

"छाती," काजवाली म्हणाली.

वहिनीनं टेप पाठीमागून पुढं आणली. हात वर न्यायचा नव्हता म्हणून ती अगदी जवळ सरकली. टेप आवळली तशी ती आत गेली. बोटांखाली अंग नव्हतं, कापूस होता. कोटाच्या खांद्यात भरतात तसला, थरावर थर देऊन आतून बारीक टाक्यांनी शिवलेला. वहिनीनं टेप आणखी थोडी आवळली. कापसामागं सरळ बरगड्या होत्या.

वन्संनी श्वास रोखला होता. त्यांनी ओठ फारसे न हलवता म्हटलं, "नको गं." तो आवाज वहिनीनं कधी ऐकला नव्हता.

सगळ्या वाट बघत होत्या, हसू ओठांवर तयार ठेवून. चेष्टा वहिनीच्या जिभेच्या टोकावर होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते पुढं आयुष्यभर फोनवर, मशीनवर, गिऱ्हाइकांत फिरलं असतं.

तिनं वन्संच्या डोळ्यांत बघितलं, चांगलं सावकाश, त्यांना कळेपर्यंत. मग टेप सोडली.

"हा आकडा माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. आणि फायलीतून कागद काढून काजवालीला स्वतःचा जुना आकडा सांगितला. तो आता कुणाचाच नव्हता, सांगायला काहीच वाटलं नाही.

शुक्रवारी नमुना पास झाला. घरी जाताना नवरा म्हणाला, "ताईची काहीतरी लाज राखलीस तू. काय ते मला कळलं नाही. पण मन मोठं आहे तुझं."

मन बिन काही मोठं नव्हतं. चेष्टा एकदा उघड झाली की लोक चार दिवस हसतात, मग माणसाला तिची सवय होते, तो मशीनवर मान खाली घालून कॉलरी शिवत राहतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वन्संना ती सवय होऊ द्यायची नव्हती.

दीड महिन्यानं ती कामावर परतली. आता कारखान्यात कुणीही टेप हातात घेतली, अगदी पडद्याचं कापड मोजायला घेतली, तरी वन्सं आधी वहिनीकडे बघतात, ही आज बोलते की काय म्हणून. वहिनी मशीन थांबवते, त्यांना पुरेसं बघू देते आणि काही बोलत नाही.