तारखेपुरती जागा

"मान जराशी वर करा, कौशल्याबाई. अन् हसा न बाप्पा! आपुन काय मयतीले आलो का?"

खुशालरावांनी शाल तिच्या खांद्यांवर टाकली आणि मोबाईल धरलेल्या माणसाकडे पाहून स्वतःच हसले. शालीला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास येत होता. खोबरेलाचा नव्हे, ते हिरवं, थंड म्हणून विकतात त्याचा. म्हणजे ही शाल याआधी कुणाच्या तरी खांद्यावर बसून, फोटो काढून घेऊन परत कपाटात आलेली होती. कौशल्याने श्वास रोखून धरला. फोटो झाला. खुशालरावांनी शाल अलगद उचलली, घडी घातली आणि "मळून जाईन" म्हणत काखेत मारली. मागोमाग तिच्या हातातला नारळही गेला.

अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या बाजूला हे मुलींचं वसतिगृह होतं. चिखलदऱ्याकडच्या गावांमधून आलेल्या सदतीस मुली तिथे राहत. खुशालराव संस्थेचे अध्यक्ष. आज कौशल्याचा सत्कार होता, कारण तिने आपलं अकोल्याचं दोन खोल्यांचं घर मृत्युपत्राने या संस्थेला द्यायचं ठरवलं होतं. कागद तिच्या पिशवीत होता. सही तेवढी बाकी होती.

पिशवीत आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे भांड्यांवर नाव घालायची तिची मशीन. काल खुशालरावांनीच फोन करून सांगितलं होतं, "येताना मशीन घेऊन येजा. नवी ताटं आली हायेत, आमच्या वडिलायच्या नावानं. आता तुमी येऊनच राहिल्या तं तेवढं काम होऊन जाईन." ज्या बाईचा सत्कार तिलाच कामाला लावायचं, तेही फुकट! बसमध्ये कौशल्याला याचं हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल सत्तार यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर तिचा नवरा जानराव नावं घालायला बसायचा. तो गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, मूलबाळ नाही, शाळा दुसरीतच सुटलेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सत्तारभाईंनी मशीन तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "भाभी, चिठ्ठीवर जसं हाय तसं काढत जा. वाचता नाई आलं तरी चालते." त्याला पस्तीस वर्षं झाली. अक्षर आधी तिच्या हाताला आलं, मग डोळ्याला, आणि डोक्यापर्यंत पोचायला त्याने चांगली चार वर्षं घेतली.

गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कै. लागते का?" लग्नाचं भांडं असेल तर माणसं दचकून "नाई नाई" म्हणत. दानाचं असेल तर बहुधा लागायचंच. एकदा एका कापडवाल्याने वसतिगृहासाठी ताटं घेतली आणि तिला बजावलं, "मधात घालजा. मोठ्ठं. पोट्ट्यायनं घास उचलला का खाली दिसलं पायजे, कोनाचं खाऊन राहिलो." तिने घातलं. चाळीस ताटांच्या पोटात चाळीस वेळा एका माणसाचं नाव, मागे-पुढे पदव्या. त्या दिवशी घरी जाऊन तिला स्वतःच्या ताटात जेववेना. नंतर गिऱ्हाईक समोर नसलं की ती नाव हळूच काठावर सरकवायची, बारीक करून.

तीच ताटं न्यायला इथली रेक्टर, रागिणी, एका मुलीला घेऊन दुकानावर आली होती. मुलीचं नाव दामिनी, दहा-अकरा वर्षांची. पायरीवर बसून तिने मशीनचं थरथरणं पाहिलं आणि म्हणाली, "आजी, एकावर माहं नाव घालून देते का? माहं ताट रोज दुसरीच घेते."

"संस्थेचे भांडे हायेत व," रागिणी म्हणाली. "त्याच्यावर तुहं नाव कसं घालता येईन?"

चिठ्ठीवर ते नाव नव्हतं, कौशल्याने घातलं नाही. तीन अक्षरांचं काम. दोन वर्षं झाली, ती तीन अक्षरं तिला टोचत होती. त्या टोचणीतूनच दोन खोल्यांचा विचार निघाला.

सत्तारभाईंची पुतणी गजाला वकील आहे. तिने कागद तयार केला. "मावशी, 'गरीब पोरींले' असं मोघम लिहून नाई चालत. कोनाले देता ते नाव पायजे. संस्थेचं टाकू?" कौशल्या म्हणाली, टाक. "अन् टेन्शन घेऊ नका. तुमी हयात हायेत तोवर हे कितीदाही बदलता येते." सत्तारभाई गल्ल्यावरून ऐकत होते. म्हणाले, "भाभी, दान देनारे तुमी बी पाह्यले, मी बी पाह्यले. घेनारे एकदा पाहून या." म्हणून ती सही न करताच आली होती.

सकाळी मूर्तिजापूरला बस थांबलेली असताना विपुलचा फोन आला. दिराचा मुलगा, अमरावतीत कोचिंग क्लास चालवतो. पाच वर्षांत त्याचा हा दुसरा फोन.

"काकू, तू खरंच घर देऊन राहिली का? अवं, लोकायले कायले देतं? मी हाय न. तुले इकडंच आनतो. मागं एक खोली काढून देतो."

"मागं म्हनजे कुठं? जनरेटर ठेवलं हाय तिथं?"

"ते हलवता येते न, काकू."

तिने फोन पिशवीत टाकला होता. जनरेटर हलवून तिथे ठेवायची वस्तू आपण झाल्यासारखं वाटलं होतं तिला.

"चला, तुमाले एक गंमत दाखवतो," खुशालराव म्हणाले आणि तिला इमारतीच्या मागे घेऊन गेले. नळाजवळ भिंतीला टेकवून काहीतरी पोत्याखाली झाकलं होतं. त्यांनी पोतं ओढलं. काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटचा दगड होता, दारापेक्षा थोडा लहान. त्यावर सोनेरी अक्षरं:

'कै. कौशल्याबाई जानराव गावंडे यांच्या स्मरणार्थ. मृत्यू दि.'

आणि पुढे जागा मोकळी.

"कसा हाय?" खुशालराव म्हणाले. "आताच करून ठेवला. तीन दगड एकदम सांगतले तं दगडवाल्यानं भाव पाडला. तारीख तेवढी तवा टाकू."

कौशल्याने अक्षरं एकेक करून वाचली. मग विचारलं, "बाकीचे दोन कोनाचे?"

"हायेत, देनगीदार हायेत आपले. तेयी चांगले हायेत अजून." ते मोठ्याने हसले. तोंडातल्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा लाल थेंब दगडावर उडाला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. तो तिच्या नावावरून पसरत गेला. "तारीख टाकाले तुमालेच सांगतलं असतं, घरचंच काम. पन तवा तुमी कशा याल?"

दगडावरचं अक्षर वाईट होतं, दबलेलं, ओळ उजवीकडे उतरत गेलेली. पस्तीस वर्षांत इतकं वाईट अक्षर तिने कुणाच्या चमच्यावरही काढलं नव्हतं. मरणापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

"अन् त्या कागदात एक वाक्य वाढवून घेजा," खुशालराव चालता चालता म्हणाले. "घर विकाचा पूरा अधिकार संस्थेले. म्हनजे मंग खोळंबा नाई. बाकी तब्येत काय म्हनते? शुगर, बीपी?"

"कायले?"

"असंच. अंदाज असलेला बरा."

जेवणाच्या खोलीत मुली दोन रांगांत मांडी घालून बसल्या होत्या. समोर ताटं वाढलेली. वरण-भात, वांग्याची भाजी, सत्कारानिमित्त एकेक बुंदीचा लाडू. रागिणी हळूच म्हणाली की अकराला वाढलंय. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. वरणावर साय धरली होती आणि माशा भातावरून लाडवावर, लाडवावरून भातावर जात होत्या. एक लहान मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, चुकून ताटाकडे जाऊ नयेत म्हणून. दामिनी तिसरी होती. उंच झाली होती. भाताच्या कडेने कापडवाल्याचं आडनाव डोकावत होतं. कौशल्याचंच अक्षर.

"काहून थांबल्या ह्या?"

"फोटो राहिला न," खुशालराव म्हणाले. "तुमी लाडू भरवतान, मागं बॅनर. एक मिनिट. ए, बॅनर जरा तान रे, बाईच्या फोटोच्या तोंडावर सुरकुती पडली."

"जेवा व पोरीहो," कौशल्या म्हणाली.

एकाही मुलीचा हात हलला नाही. सदतीसच्या सदतीस जणींनी खुशालरावांकडे पाहिलं.

त्या पाहण्याचीच तिला शिसारी आली. शालीचा वास, खर्र्याचा थेंब, तब्येतीची चौकशी, ते सगळं तिने गिळलं असतं. पण भुकेल्या पोरीने घास उचलण्याआधी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहायचं, आणि ते तोंड आपल्या दोन खोल्यांनी आणखी फुगवायचं!

"खुशालराव," ती म्हणाली, "कागद मी देत नाई."

"म्हनजे?"

"म्हनजे देत नाई. घर संस्थेले नाई देत."

"अवं, पन झालं काय?"

"अक्षर खराब हाय."

"दगडाचं? हात् तिच्या! बदलून घेऊ न!"

"अन् मी मेली नाई अजून."

खुशालराव समजूत घालायच्या स्वरात आले. "कौशल्याबाई, तुमाले राग आला. पन 'कै.' आज न उद्या सगळ्यायलेच लागनार हाय."

"लागन न. पन मी पस्तीस साल या धंद्यात हाव. गिऱ्हाइकाले इचारल्याबिगर मी ते कोनालेच लावलं नाई."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. खुशालरावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. बॅनर गुंडाळला गेला. शाल, नारळ, मोबाईलवाला, सगळं गाडीत बसलं. दार लावता लावता ते म्हणाले, "पोरींच्या तोंडचा घास काढला तुमी. याद ठेवजा."

गाडी गेली. धूळ बसली. मुली जेवू लागल्या, ताटांचे आवाज आले. कौशल्या दारातच उभी राहिली. माणूस ओंगळ होता, पण बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. दोन खोल्या या पोरींसाठी म्हणून काढल्या आणि पोरींना काय मिळालं, तर थंड वरण. असं हात झाडून ती घरी गेली तर शेवटी घर वारसाने विपुलकडे आणि त्याचं जनरेटर तिच्या खोलीत जाणार.

रागिणीने तिच्यासाठीही ताट आणलं. "जेवा, आजी. आमच्यावर राग नका काढू."

"तुमचं हजेरीचं रजिस्टर कुठं हाय?"

रजिस्टर आलं. तिने गजालाला फोन लावला.

"गजाला, तू म्हने नाव पायजे. घे लिहून. सदतीस हायेत."

"सदतीस? मावशी, दोन खोल्यांत सदतीस वारस?"

"मी गेल्यावर घर तू विकजो. जे येईन ते यायच्या शिकन्याले, सारखं. तुह्या हातानं देजो, कोनाच्या ट्रस्टच्या हातानं नाई."

"होईल. पण मावशी, पोरी तं दर साली बदलतीन. जुन्या जातीन, नव्या येतीन."

"हयात हाव तोवर बदलता येते, तूच म्हने न? मंग जून आला का बदलू. नाव घालाचाच तं धंदा हाय माहा."

गजाला हसली. "या तुमी. सत्तारचाचा साक्षीदार होतीन, सही आजच करून टाकू."

बसला वेळ होता. व्हरांड्यात नव्या ताटांचं खोकं उघडं पडलं होतं, वर खुशालरावांची चिठ्ठी: 'कै. डोमाजी' वगैरे, चार ओळी, 'मध्यभागी'. कौशल्याने विजेच्या बटणाजवळ बैठक मारली. मशीन एका पायाने लंगडत होती. तिने चिठ्ठीच्या चार घड्या करून त्या पायाखाली सारल्या. मशीन नीट बसली.

"आजी, त्यायनं इचारलं तं?" रागिणी म्हणाली.

"सांगजो, म्हातारीले चिठ्ठी वाचता येत नाई म्हने."

मुली ओळीने उभ्या राहिल्या. पहिली दामिनी. कौशल्याने नाव विचारलं नाही. काठावर, बाहेरच्या बाजूला, जिथे भात लागत नाही तिथे अक्षर काढलं. दामिनीने त्यावरून बोट फिरवलं, कचकच लागली तसं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा फिरवलं.

सदतीस ताटं व्हायला ऊन उतरलं. हाताला मुंग्या आल्या होत्या. मशीन पिशवीत ठेवताना रागिणीने विचारलं, "आजी, अन् तो दगड? दगडवाला वापस नाई घेत, नाव पडलं म्हनते."

"पालथा टाका नळापाशी. धुन्याले होईन."

चार मोठ्या मुलींनी "एक-दोन" म्हणत तो आडवा केला. सोनेरी अक्षरं मातीकडे गेली, वर खरबरीत पाठ आली. एकीने लगेच ओला फ्रॉक आणून त्यावर आपटला. साबणाचं पाणी कडेवरून ओघळून खाली, दगड आणि माती यांच्यामधल्या फटीत शिरू लागलं.

कौशल्या जाता जाता थांबली. तिने चप्पल काढली, पायाने दगडाचा एक कोपरा दाबून पाहिला, मग दुसरा. हलत नव्हता. तिने चप्पल घातली आणि बसची वाट धरली.