आतून धुतलेली कोठी

"हळू बोल मावशी, पुढच्या खोलीत लोक आहेत."

"असू देत. तू हिला आतून धुतलीस की नाही, तेवढं सांग."

"एकदाच धुतली."

"कशानं?"

"मावशी, प्लीज यार."

"यार तुझे ऑफिसातले. कशानं धुतलीस?"

"ब्लीचनं. प्रेशर मशीन लावून. मग आतून वॉर्निशचे दोन हात दिले. झालं?"

ज्या 'हिच्या'वरून हे चाललं आहे ती मी. मी एक लाकडी कोठी बोलतेय. पुरुषभर उंच, पोटात पाच-सहा माणसं उभी राहतील एवढी रुंद. ह्याच पोटात सोयाबीनचा रस दोन-दोन वर्षं मुरायचा आणि त्याचा सॉस व्हायचा. आता ओहायोतल्या डब्लिन गावाबाहेर एका जुन्या कोठारात छोटंसं म्युझियम आहे, तिथे मी उभी असते. जपानी लोक पूर्वी सोया सॉस कसा करत ते बघायला माणसं इथे येतात. बघतात मला. आणि मी मेलेली आहे.

मेलेली बोलते कशी, असं विचाराल. पोटात राग असला की बोलता येतं.

आणि मराठी? ती कुणी शिकवली नाही. हा परीक्षित इथला मॅनेजर, मूळचा कराडचा, पुण्यात शिकलेला. त्याचे सगळे फोन माझ्या आडोशाला उभं राहून चालतात. तीन वर्षं ऐकून ऐकून शिकले. शिव्या आधी आल्या, व्याकरण मागून. माझं काही अडलं नाही.

माझा जन्म जपानातल्या एका बेटावरचा. सुगी नावाच्या सरळसोट झाडाच्या फळ्या, बाहेरून पिळलेल्या बांबूचे वेढे. अंगात खिळा एकही नाही. पहिली तीस वर्षं तांदळाची दारू करणाऱ्याकडे काढली. मग मी झिरपायला लागले. दारूवाल्याला थेंबही सोडवत नाही, त्यानं मला काढून टाकलं. सॉसवाल्यांचं उलट असतं. त्यांच्याकडे मीठ. ते मीठ फटीत जाऊन बसतं आणि फट आपोआप बुजते. एका घरानं टाकलेली मी दुसऱ्या घरी लक्ष्मी होऊन गेले, आणि तिथे शंभर वर्षं नांदले. अशी किती जणी नांदतात?

उकडलेलं सोयाबीन, भाजलेले गहू, त्यावर धरवलेली बुरशी आणि मिठाचं पाणी. एवढंच माझ्या पोटात घालायचे आणि लांब दांड्यानं ढवळायचे. आधी आताची मालकीण मिचिको, तिचा आजा ढवळायचा, मग बाप, मग ती स्वतः. दर दोन वर्षांनी रस काढायचे, पण मला आतून धुवायचं नाही, हा त्या घराचा नेम. माझ्या फळ्यांच्या रंध्रारंध्रांत डोळ्यांना न दिसणारं एक गोकुळ नांदत होतं. सॉस करायचं ते. माणसं नुसती ढवळायची आणि नाव लावायची. एका छपराखाली आम्ही सहा जणी होतो आणि सहा जणींची चव सहा तऱ्हांची. माझी सगळ्यांत चढी. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणायची.

मिचिकोला मूलबाळ नाही. सत्तरी उलटल्यावर तिला आमची काळजी लागली. डब्लिनमध्ये राहणाऱ्या काही जपानी कुटुंबांनी हौसेनं हे म्युझियम काढलं होतं. त्यांना तिनं मला दिलं, आणि अटी घातल्या दोन. वर्षाला थोडा तरी रस हिच्यात घालायचा. आतून धुवायचं नाही. "ही नीट राहिली, तर बाकीच्या पाचही देईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावायला माणसाला कष्ट पडत नाहीत, हे मी शंभर वर्षं बघत आले आहे.

मग परीक्षित आला. वाईट म्हणणार नाही, कामाला वाघ. पण त्याला खोड एक. रोज सकाळी म्युझियमला लोकांनी किती तारे दिले, ते फोनवर बघायचं. कुण्या शाळेची मुलं आली, नाकं दाबून गेली, आणि त्यांतल्या एकीच्या आईनं एकच तारा देऊन लिहिलं की कोठीला वास येतो आणि आत काळे डाग आहेत. अहो, ते काळे डाग म्हणजे मी.

म्युझियम सोमवारी बंद असतं. एका सोमवारी त्यानं एकट्यानं ते काम उरकलं. पाण्याचा मारा, ब्लीचचा फेस. माझं शंभर वर्षांचं गोकुळ गटाराच्या जाळीतून निघून गेलं आणि हा कानात गाणी घालून पाणी मारत होता. पुढच्या सोमवारी वॉर्निश. पाटी मात्र तशीच ठेवली, 'शंभर वर्षांपासून जिवंत कोठी'. दुकानाच्या कपाटात माझा फोटो लावलेल्या बाटल्याही तशाच. आत भलत्याच कारखान्याचा सॉस.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्याला सोडायचा नाही.

लाकूड कोरडं पडलं की आक्रसतं. देणगीदारांचा मेळावा होता, सगळे माझ्यापुढे फोटोला उभे राहिले आणि मी वरचा बांबूचा वेढा तोडला. बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. एका बाईची कॉफी तिच्या रेशमी कपड्यांवर सांडली. "हवा ड्राय आहे," परीक्षित म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेला लोखंडी पट्टा आवळला. मला बरं वाटलं होतं, पण पोट भरलं नाही. त्याच्या पायावर कोसळावं असंही मनात आलं. लोखंडानं धरून ठेवलं.

आणि आज त्यानं आपल्या मावशीला आणलं, सुलेखाला.

परीक्षितची आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवला. कराडला हिची मेस होती. चाळीस वर्षं कॉलेजच्या मुलांना जेवायला घातलं. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी पाकिटांवरची नावं वाचून शिकलेली. बाकीचे लोक येतात, पाटी वाचतात, फोटो काढतात, जातात. ही चौथऱ्यावर चढली, काठावर हात रोवले आणि सरळ नाक माझ्या पोटात घातलं. मग वळून त्याला म्हणाली, "खाली वास आहे, पण तो पाहुण्याचा. घरच्यांचा कुठे गेला?"

खालचा वास पाहुण्याचाच होता. सकाळीच त्यानं घाऊक दुकानातून आणलेले सॉसचे डबे माझ्यात ओतले होते. कारण अकरा वाजता मिचिको येणार होती. पाच कोठ्यांच्या कागदांवर सही करायला.

तिथून भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे.

"मेसमधलं दह्याचं भांडं आठवतं?" सुलेखा म्हणते आहे. "चाळीस वर्षं एकाच विरजणावर दही लावलं मी. अर्ध्या गल्लीनं माझ्याकडून वाटी वाटी विरजण नेलं. एकदा नव्या बाईनं भांडं घासून पालथं घातलं, तर दुसऱ्याच्या दारी जाऊन माझंच विरजण मागून आणलं. हिचं विरजण कुठून आणशील?"

"मावशी, हे दह्याचं भांडं नाहीये. डिस्प्ले आहे. लोकांना नुसतं बघायचं असतं."

"मग पाटीवर जिवंत कशाला लिहिलंस? आणि त्या बाईला कळल्याशिवाय राहील?"

"नाही कळणार." त्यानं आवाज खाली आणला. "तिला वास येत नाही. मागे आजारी होती, तेव्हापासून गेलाय. डोळ्यांनाही कमी दिसतं. ती बरोबरच्या माणसांना विचारते कसा वास येतो म्हणून. छान म्हणायचं, संपलं."

सुलेखानं त्याला तिथेच अडवलं. "आंधळ्याच्या पानात काहीही वाढावं, हे माझ्या मेसमध्ये शिकलास का रे तू?"

"त्या पाच कोठ्या आल्या ना, तर बोर्ड माझं ग्रीन कार्ड फाइल करणार आहे. नाहीतर मी परत. सगळं सोडून. तुला हवंय ते?"

त्या पाच म्हणजे माझ्या बहिणी. त्यांच्या अंगात अजून गोकुळ आहे. कागदावर सही झाली की त्या इथे येणार, माझ्या शेजारी उभ्या राहणार, आणि कुठलीतरी आई एक तारा देणार. सोमवार काय, दर आठवड्याला येतो.

मिचिको आली. कापडी टोपी, हातात काठी, एवढीशी झालेली. तिनं चौथऱ्यावर चढून माझ्या काठावर तळवा ठेवला. आतपर्यंत हात पुरला नाही. पुरला असता तर वॉर्निशचा गुळगुळीतपणा तिला कळला असता. दांडा घेऊन तिनं तो डब्यातला सॉस तीनदा ढवळला. मी ओरडले असते, पण माझा आवाज माणसांना ऐकू जात नाही, हीच तर माझी रड आहे.

"कसा वास येतो?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"अमेझिंग," परीक्षित म्हणाला. "खूप स्ट्रॉंग. पूर्वीसारखाच."

ती हसली. टेबलापाशी बसली. कागद पुढे ओढले, पेनाचं टोपण काढलं. मग का कोण जाणे, सुलेखाकडे वळली. आपल्या वयाची एकच बाई तिथे दिसली असेल. "आणि तुम्हाला?"

परीक्षित घाईघाईनं मराठीत म्हणाला, "नाइस म्हण मावशी. एकच शब्द."

"मी खोटं बोलत नाही, ठाऊक आहे तुला."

"माझ्यासाठी बोल. एवढं कुणाचं काय जातंय?"

"तिचं जातंय. आणि हिचं तर गेलंच." हिचं म्हणताना तिनं माझ्यावर हात मारला. चांगला दणकून मारला.

"लाकूड आहे ते, मावशी." त्याचा आवाज फाटला. "लाकूड. मी माणूस आहे. तुझा."

त्यावर तिनं माझ्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, संपलं. माणसं आपल्या माणसापुढे हरतात, आणि त्याला प्रेम म्हणतात.

तुम्ही विचाराल, मला त्याची दया आली का. नाही आली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, मी पाहिलं. माझ्यावर पाणी मारताना त्यानं पाहिलं होतं का?

त्या दिवसाला आता काही महिने झाले, मी आहे तिथेच आहे. पाटी उतरवली, तिच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग आहे. परीक्षित अजून नोकरीवर आहे, कुठवर ते त्याचं तो बघेल. फोन हल्ली बाहेर पार्किंगमध्ये जाऊन करतो, त्यामुळे माझी मराठी वाढायची थांबली. माझ्या पाच बहिणी समुद्रापलीकडे आपल्या छपराखाली आहेत आणि त्यांना आतून कुणी धुतलेलं नाही. एवढ्यावर मी तृप्त आहे. तुम्ही आलात तर फोटो काढा, मी नाही म्हणत नाही. पण आधी नाक आत घाला आणि वॉर्निशचा वास येतो का ते मोठ्यानं सांगा, चार माणसांत.

आणि ते भांडण? ते एका वाक्यानं संपलं. त्यानंतर मिचिकोनं पेनाला टोपण लावलं आणि कागद घडी करून पिशवीत ठेवले. सुलेखानं ते वाक्य आपल्या पाकिटावरच्या इंग्रजीत, अडखळत, मिचिकोच्या डोळ्यांत बघून म्हटलं. मी ते तिच्याच मराठीत सांगते:

"बाई, ह्यानं हिला धुऊन मारली आहे, आणि हा माझाच आहे म्हणून सांगते, उरलेल्या पाच ह्याच्या हाती देऊ नका."