मशीनपुढची फळी

या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. सासऱ्यांच्या चहात साखर कमी, आणि कपडे धुवायचं मशीन चावतं.

"चावतं म्हणजे?" मी विचारलं.

"जरा मुंग्या येतात गं," सासरे म्हणाले. "फळीवर उभं राहून हात लावायचा. इतक्या वर्षांत कोणाला काही झालं नाही."

मशीनपुढे ती लाकडी फळी कायमची मुक्कामाला होती. माझा नवरा अर्धवट झोपेतसुद्धा बरोबर तिच्यावरच पाय टाकायचा. पाहुणे आले की सांगायचं, बाथरूम डावीकडे, आणि जाता जाता मशीनला हात लावू नका. वर सगळे हसायचे. काय घर आहे की चेष्टा!

सासऱ्यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. हात मोठा कसबी. पण घड्याळ वेगळं आणि भिंतीतली वीज वेगळी, हे त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती. घरातल्या एकूणएक वायरीला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. गल्लीत त्यांना पट्टीमास्तर म्हणत, आणि त्यांना तो मान वाटायचा. मशीनच्या प्लगला तीन पिना आणि आमच्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून मास्तरांनी तिसरी पिन पकडीने मोडून टाकली होती. काही कामाची नसते म्हणे ती!

खोटं कशाला बोलू, चार वर्षं मीही मुकाट्याने फळीवर उभी राहिले. मग आमची छकुली अकरा महिन्यांची झाली.

एका सकाळी ती स्टूल धरून उभी होती. मशीनच्या गोल काचेत कपडे फिरत होते आणि ती एकटक बघत होती. पाय उघडे, बोटं तोंडात घालून ओली केलेली. एक हात स्टुलावरून सुटला आणि मशीनकडे निघाला. मी झेप घालून तिला उचललं. 

"आता हिलाही फळीवर उभी करू का?" मी ओरडले.

"पोरीवर लक्ष ठेवायचं," सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्लग उपटला आणि सांगून टाकलं, "बाबा, उद्या वायरमन येणार. तोवर हे मशीन बंद. कपडे मी हाताने धुवीन."

वायरमन म्हणून आल्या त्या एक बाई. पन्नाशीच्या, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. मोडका प्लग हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही पिन कोणी मोडली?" सासऱ्यांचा पेपर आणखी वर गेला. बाईंनी दिवसभर खपून अर्थिंगची तार ओढली, तीन भोकांचे बोर्ड बसवले, मशीनला तात्पुरता धड प्लग जोडला आणि मेन स्विचशेजारी एक नवा स्विच लावला.

"वीज कुठे गळाली की हा आपोआप पडेल," त्या म्हणाल्या. "पडला की नुसता वर ढकलायचा नाही. का पडला ते शोधायचं."

मशीन लावलं. खट्! अख्खं घर बंद.

सासरे ताडकन उठले. "बघा! बिघडलेलं खेळणं आणलंत. काढा ते!"

"थांबा बाबा," मी म्हटलं. "एकेक वस्तू लावून बघू. सगळ्यांनी स्विच पडला तर तुम्ही खरे. एकट्या मशीनने पडला तर मात्र हूं की चूं करायचं नाही."

मशीनचा प्लग काढून स्विच वर केला, दिवे लावले. पंखा, फ्रिज, मिक्सर लावला. स्विच जागचा हलला नाही. सासऱ्यांचा जुना रेडिओसुद्धा खणखणीत वाजायला लागला. "माझ्या हातचा आहे!" त्यांच्याच्याने राहवलं नाही. मग मशीन लावलं. खट्!

बाईंनी मेन बंद केला, प्लग काढला आणि मशीन पुढे ओढलं. वायर मागच्या पायाखाली चेंगरलेली होती. वरून पट्टीचे चार थर. त्यांनी ते सोलले. आतलं आवरण पार झिजलेलं, आणि उघडं तांबं थेट पत्र्याला टेकलेलं.

"काका, ओला हात, उघडे पाय आणि एवढासा जीव," बाई म्हणाल्या. "मुंग्या नसत्या आल्या. पोर गेली असती."

सासरे मटकन स्टुलावर बसले. "मला वाटलं, मी झाकलंय," ते म्हणाले.

माझा राग निम्मा तिथेच उतरला. निम्माच हं! पण मग त्यांनी स्वतःच पक्कड मागितली आणि ती काढलेली वायर बोटाएवढे तुकडे करून तोडली. "नाहीतर मीच परत जोडीन," म्हणाले. मला हसूही आलं आणि रडूही.

नवी वायर बसली. बाईंनी टेस्टर लावून दोनदा पाहिलं आणि मान हलवली. मशीन फिरू लागलं, स्विच वरच राहिला. तरी सासरे, नवरा आणि मी, तिघं आपले लांब उभे. सवय कुठे जाते?

मीच पुढे झाले. फळी पायाने बाजूला सारली, अनवाणी उभी राहिले आणि पत्र्यावर अख्खा पंजा ठेवला. काही नाही. गार पत्रा, आत कपड्यांची घरघर.

"ये गं!" मी आनंदाने ओरडले.

ते मी कोणाला म्हटलं, मलाही माहीत नाही. पण छकुलीने तिच्या बाबाचं बोट सोडलं. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला लटपटली, सावरली, आणि माझ्या हाताशेजारी दोन्ही ओले पंजे थाडकन मशीनवर आपटून खदखदून हसली.

"चालली! अगं, चालली!" नवरा नाचायलाच लागला. वायरमनबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग सासरे निघाले. पायातल्या रबरी चपला त्यांनी दाराशी काढून ठेवल्या, हळूहळू आले, नातीशेजारी वाकले आणि हात पत्र्यावर टेकवला.

"नाही चावत," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे.

त्या दिवशी आमच्या घरात माझ्यामागून दोन माणसं पहिल्यांदाच अनवाणी मशीनपर्यंत चालत गेली. एक अकरा महिन्यांचं, एक एकाहत्तर वर्षांचं.